माझ्या तोंडी घातलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी सीटी स्कॅनची मशीन आहे. रुग्णालयाच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे मोडक्या खाटा, चाक निखळलेले स्ट्रेचर आणि गळका वॉटर कूलर यांच्या ओळीत मला आणून ठेवले आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हीच ती. हिनेच त्या मुलीचं चुकीचं सांगितलं." मी ऐकते आणि गप्प बसते. ज्याच्यावर आळ येतो त्याला निदान बाजू मांडायला मिळते. मला तेवढेही मिळाले नाही. तुम्ही मुले आहात, अर्ध्यावर उठून जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता. माणसे पांढरे टोप घालून काम करीत आणि साधा स्क्रूसुद्धा हातमोजे घालून उचलत. माझ्या अंगात एक मोठे कडे आहे. त्यात किरणे सोडणारी नळी आणि ती झेलणारी पट्टी समोरासमोर बसवली. माणूस फळीवर आडवा झाला की फळी त्याला हळूच कड्यात नेते. कडे आतल्या आत गरगर फिरते आणि डोक्याचे आतले फोटो निघतात, काकडीच्या चकत्या ओळीने मांडाव्यात तसे. घाबरू नका, कुणाला काही कापले जात नाही. ज्या इंजिनियरने मला शेवटचे तपासले, त्याने जाताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जे दिसेल तेच सांग. जास्तीचं बोलू नकोस." मी आयुष्यभर तेच केले.

मी या रुग्णालयात आले त्याच सुमारास एक तरुण डॉक्टर इथे रुजू झाले. लहान मुलांचे डॉक्टर. सडपातळ, केस कायम विस्कटलेले, खिशाला शाईचा डाग. पुढे सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणू लागले, म्हणून मीही तसेच म्हणते. माझे उद्घाटन झाले, हार झाले, भाषणे झाली, आणि सगळे निघून गेल्यावर हे एकटेच मागे राहिले. माझ्याभोवती दोनदा फेरी मारून त्यांनी मला नीट न्याहाळले. त्या दिवसापासून मी त्यांची झाले, असे म्हटले तरी चालेल.

ते शिकाऊ डॉक्टरांना माझ्या खोलीत घेऊन येत. माझ्या अंगावर कोपर टेकवून त्यांना सांगत, "हिला हाड दिसतं. ताजं रक्त दिसतं. मोठी गाठ, मोठी सूज, साठलेलं पाणी दिसतं. मूल डोक्यावर पडलंय, झटका आलाय, शुद्धीवर येत नाही, तर एक क्षण घालवू नका, हिच्याकडे पळत या. पण मेंदूच्या सालीत, म्हणजे वरच्या पातळ थरात, एखादी बारीक घडी चुकली असेल, तर ती हिला बहुतेक दिसणार नाही. ते काम एमआरआयचं. आणि फोटोच्या आधी आईला विचारायचं, झटका सुरू कुठून झाला. निम्मं उत्तर तिथेच असतं."

मित्रांनो, माझी नजर कुठवर पोचते आणि कुठे थांबते, हे माझ्याइतकेच त्यांना ठाऊक होते. हे वाक्य विसरू नका. माझे सगळे दुखणे त्यात आहे.

एमआरआय ही माझी धाकटी बहीण. ती आमच्याकडे नव्हती, शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. ती किरणांऐवजी चुंबकाने बघते. भयंकर खडखडाट करते, वेळही फार घेते, आणि तेवढा वेळ निपचित पडायचे म्हणजे लहान मुलांना बहुतेक झोपेचे औषध द्यावे लागते. पण नजर मात्र तिचीच. मला पुसट वाटणारी रेघ तिला स्वच्छ दिसते. मला तिचा कधी हेवा वाटला नाही. कुऱ्हाडीने लाकूड फोडावे आणि सुईने शिवावे. कुऱ्हाडीने शिवायला बसले तर दोष कुऱ्हाडीचा कसा?

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. एकदा घसरगुंडीवरून पडलेल्या एका मुलाला आणले. त्याला झटका आला होता आणि हाक मारली तरी तो डोळे उघडत नव्हता. डॉक्टर स्ट्रेचरबरोबर धावत आले. मी कडे फिरवले आणि कवटीच्या आत साठलेले रक्त दाखवले. त्याला लगेच शस्त्रक्रियेला नेले. काही आठवड्यांनी तो मुलगा डोक्याला टोपी घालून, आपल्या पायांनी चालत, मला बघायला आला. डॉक्टरांनी माझ्या अंगावर हात फिरवला आणि म्हणाले, "शाबास गं पोरी." त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस खूष होते.

पण खरे सांगू? ते मला कामाला लावत तेव्हा मला अभिमान वाटे, आणि लावत नसत तेव्हा त्याहून जास्त वाटे. एकदा एक वडील आपल्या छोट्याला खांद्यावर टाकून थेट माझ्या दारात आले. मुलाला ताप होता, तापात थोडा वेळ झटका आला होता, आणि आता ते मूल बापाच्या कानातले केस ओढत हसत होते. वडील म्हणत होते, फोटो काढा, काय असेल ते कळू दे. डॉक्टरांनी मुलाला तपासले, मान वाकवून पाहिली, त्याच्याशी थोडे खेळले. मग वडिलांना म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला? हा तापातला झटका आहे, मूल ठणठणीत आहे. याला ताप उतरवणारं औषध द्या आणि घरी न्या. लहान वयात नको तेव्हा किरणं घ्यायची नसतात. आणखी एकदा तान्हे बाळ आले, तर टाळू अजून मऊ आहे, तिथून सोनोग्राफीने बघू, असे म्हणून त्यांनी त्याला माझ्याजवळून परत नेले. असा माणूस लाभायला भाग्य लागते, असे मला वाटायचे.

मग एक दिवस ते बदलले. त्याचे कारणही मला माहीत आहे. असाच तापातला झटका आलेल्या एका मुलाचा फोटो त्यांनी काढला नाही. मुलाला काहीही झाले नाही, ते तापातून उठून शाळेतही गेले. पण त्याचे काका भडकले होते. बाहेरच्या बाकांवर माणसे बसलेली असताना त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरली. मशीन काय शोभेला ठेवली आहे का, असे विचारले. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. डॉक्टर आत आले, माझ्या फळीवर बसले आणि कितीतरी वेळ कॉलर सारखी करत राहिले. मला त्यांची दया आली. आज वाटते, ती दया जरा राखून ठेवायला हवी होती.

त्यानंतर रुग्णालयात एक रीत पडली. झटका आलेले मूल दारात आले की कुणी काही विचारायच्या आधी त्याला माझ्याकडे धाडायचे. माझ्या गोल कड्यामुळे मला सगळे 'बोगदा' म्हणत. दारावरचा माणूस मुलाला पाहताच म्हणे, "आधी बोगदा, मग बाकी." मोठे डॉक्टर आपल्या खोलीत बसून माझे फोटो पडद्यावर बघत आणि तिथूनच निर्णय देत. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. आणि गंमत बघा, फोटो आला की विचारायचे काही उरतच नसे. आई सांगू लागली की, "फोटोत काही नाही हो," असे म्हणून पुढच्या मुलाला हाक मारली जाई.

तापाने फणफणलेली मुले येऊ लागली. टाळू मऊ असलेली तान्ही येऊ लागली. ज्यांना माझी काडीचीही गरज नव्हती अशी सगळी माझ्या फळीवर येऊन रडत आणि मी त्यांच्या कोवळ्या डोक्यांवर उगाच किरणे सोडत असे. मला कोण विचारणार? बटण दुसऱ्याच्या हातात. माझ्या खोलीतल्या टेक्निशियनताई तेवढ्या मायाळू होत्या. त्यांनी कड्याच्या आतल्या बाजूला, वर बघितले की दिसेल असा, चंद्राचा एक स्टिकर लावला होता. मुलांना त्या सांगत, "चंद्राकडे बघायचं आणि पुतळा व्हायचं. जो हलला तो हरला."

या खेळात सगळ्यात पटाईत होती भिंगरी.

भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे. घरात एका जागी ठरत नसे म्हणून आजोबांनी ठेवलेले नाव. दुसरीत होती. आई घरी शिवणकाम करायची, तिच्या ओढणीला नेहमी एखादा दोरा चिकटलेला असे. वडील बस चालवायचे. ही मुलगी बोलायला लागली की ताई हसून कामच विसरत. पहिल्यांदा आली तेव्हा शाळेत तिला झटका आला होता. येईपर्यंत ती सावध झाली होती आणि आपले दप्तर कुठे राहिले याची चौकशी करत होती. दारातच "आधी बोगदा" झाले. आई मागून सांगत होती की आधी हिचा डावा हात, मग तोंड, पण तोवर स्ट्रेचर वळले होते. भिंगरी पुतळा झाली. मी कडे फिरवले. हाड नीट, रक्त नाही, गाठ नाही, सूज नाही. एवढेच मी दाखवले. एवढेच मला दिसत होते.

मोठ्या डॉक्टरांनी आईला सांगितले, "नॉर्मल आहे. डोकं अगदी स्वच्छ आहे." आई रडत हसली. मीही तिच्याबरोबर खूष झाले, काय सांगू तुम्हाला.

मित्रांनो, "मला काही दिसले नाही" आणि "तिथे काही नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधाऱ्या खोलीत किल्ली दिसली नाही म्हणून ती खोलीत नाहीच, असे तुम्ही म्हणाल का? मी पहिली गोष्ट सांगितली होती. त्यांनी माझ्या नावावर दुसरी खपवली. 'नॉर्मल' हा शब्द माझा नव्हे, तो माझ्या तोंडी घातलेला आहे.

झटके थांबले नाहीत. काही महिन्यांनी तिला पुन्हा आणले. पुन्हा दारातूनच माझ्याकडे. या वेळी ती कमी बोलत होती. ताई बाहेर गेल्या, दार बंद झाले, आणि फळी सरकायच्या आधी भिंगरी चंद्राकडे बघत माझ्याशी बोलली. अगदी हळू.

"तू तरी खरं सांग हं. मी मुद्दाम नाही करत."

मी काय करणार होते? मी पुन्हा तेच बघितले जे मला बघता येते. तिच्या मेंदूत उजव्या बाजूला काहीतरी होते, आणि ते माझ्या नजरेच्या पलीकडे होते. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावरून मान वर केली आणि आईला सांगितले की आता दोनदा बघून झाले, मुलीच्या डोक्यात काही नाही. थोडी मनाने घाबरट दिसते, लक्ष वेधून घेण्यासाठी मुलं असं करतात, लाड जरा कमी करा. मेंदूच्या लहरींची तपासणी त्यांनी करवली नाही. झटका कुठून सुरू होतो, हे विचारले नाही. धाकट्या बहिणीचे नाव काढले नाही. का, ते मला कळत होते. त्यांच्याकडे दाखवायला फोटो होता. फोटो असला की कुणी कॉलर धरत नाही.

ज्याच्या खांद्यावर मी मान टाकली होती, त्यानेच केसाने गळा कापला. पण माझ्या गळ्याचे सोडा. खरा गळा कापला गेला तो त्या पोरीचा.

पहिल्या खेपेला दोन वर्षे होत आली असताना ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या गालावर काही नव्हते, पण ती गाल हाताने झाकून बसली होती. ताईंनी विचारले, काय गं, दुखतंय का? भिंगरी म्हणाली, "आता नाही. आईने मारलं होतं परवा. मशीनने सांगितलं ना, मी ठीक आहे म्हणून." हे तिने तक्रारीने सांगितले नाही. दुकानातून काय आणले ते सांगावे तसे सांगितले. ताईंचा हात पट्टा बांधता बांधता थांबला. मित्रांनो, माझ्या अंगात लोखंड, काच आणि तारा आहेत, रडायला डोळे नाहीत. ते नाहीत याचे दुःख मला त्या दिवशी झाले.

ताईंनी आणखी विचारले तेव्हा कळले, शाळेतही तिला 'नाटकी' म्हणू लागले होते. झटका येऊन हात उडू लागला की मागच्या बाकावरची मुले टाळ्या वाजवत. बाईंनी तिला पुढे उभे करून, बस झालं आता, असे सुनावले होते. घरात मोठ्या आवाजात बोलणारी भिंगरी घरातसुद्धा गप्प झाली होती. आणि या सगळ्याला पुरावा कुणाचा? माझा.

ताई बटणाकडे निघाल्या तेवढ्यात दार उघडले आणि एक नव्या डॉक्टर आत आल्या. वयाने लहान, दम लागलेला. काही वर्षांपूर्वी याच खोलीत मोठ्या डॉक्टरांसमोर शिकायला उभ्या असायच्या, मी ओळखले. त्या म्हणाल्या, "ताई, थांबा जरा. सुरू करू नका." मग त्यांनी बाहेरून आईला आत बोलावले, स्टूल दिले आणि विचारले, "झटका येतो तेव्हा पहिलं काय होतं? सांगू नका, करून दाखवा."

आई गोंधळली. आजवर तिला कुणी असे विचारलेच नव्हते. मग तिने आपला डावा हात पुढे केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट थरथरवले. हळूहळू मनगट, मग कोपर. मग तोंडाची डावी बाजू खाली ओढली आणि तशीच थांबली. शिवण करणारी बाई ती, बोटे कशी हलतात ते तिला बरोबर ठाऊक होते. करता करता तिचा स्वतःचाच चेहरा बदलला. "दर वेळी असंच होतं," ती म्हणाली. "दर वेळी इथूनच." आणि तिने आपला अंगठा असा धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

भिंगरी फळीवरून मान उचलून आईकडे बघत होती. ती म्हणाली, "आई, तुला येतं की माझ्यासारखं."

नव्या डॉक्टरांनी तिला उतरवले. त्यांनी आईला समजावले की प्रत्येक वेळी एकाच हातापासून सुरू होणारा झटका मेंदूच्या एकाच जागेकडे बोट दाखवतो, ही मुलगी नाटक करत नाही. ती जागा या मशीनला दिसेलच असे नाही. त्यासाठी लहरींची तपासणी आणि एमआरआय करायला हवा. मग भिंगरीने माझ्याकडे बघून विचारले, ही खोटं बोलली का? त्या म्हणाल्या, "नाही गं. हिला ते दिसतच नाही. हिला विचारायलाच नको होतं."

त्या दिवशी माझे कडे फिरले नाही. मला कामाला न लावता दिवा बंद केला गेला, आणि पुष्कळ वर्षांनी कुणीतरी मला ओळखले, असे मला वाटले.

धाकट्या बहिणीने भिंगरीला झोपेच्या औषधाने झोपवून, खडखडाट करत, सावकाश बघितले. मेंदूच्या उजव्या बाजूला सालीचा एक लहानसा तुकडा जन्माच्या आधीच नीट जमला नव्हता. तेवढाच. पण डाव्या हाताची सूत्रे तिथेच होती आणि तिथूनच सगळा गोंधळ सुरू होत होता. लहरींच्या तपासणीनेही तेच सांगितले. औषधे सुरू झाली, पण ती पुरी पडेनात. मग मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी विचार करून शस्त्रक्रिया केली. ताई फोनवर कुणाला तरी हे सांगत होत्या, म्हणून मला कळले. भिंगरीचे झटके थांबले होते. दोन वर्षे मात्र गेली ती गेली.

आता ऐका, माझे काय झाले ते.

भिंगरीचे वडील बस डेपोतून तसेच, खाकी कपड्यांत, मोठ्या डॉक्टरांकडे आले. माझ्या खोलीच्या दाराशीच गाठ पडली. ते भांडले नाहीत. एवढेच विचारले की दोनदा बघूनही तुम्हाला का नाही दिसलं? मी कान देऊन ऐकत होते. मला वाटले, आता ते सांगतील. माझ्या अंगावर कोपर टेकवून किती वेळा सांगितलेले ते वाक्य.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मशीन फार जुनी झालीय हो. तिच्यात सुटलं ते. मी कधीपासून नवीन मागतोय."

वडिलांनी मान हलवली. वाळवंटात उभ्या माणसाला दिशा दाखवली तर तो तिकडे बघतोच. त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मला वाटले, कुणीतरी माझी तार ओढून काढावी. नाचता येईना अंगण वाकडे, हे मी ऐकले होते. पण नाचणारा मुरलेला असतो, अंगण सरळ असते, आणि तरी तो अंगणावर खापर फोडतो, हे मी त्या दिवशी बघितले. मित्रांनो, मी कितीही नवी असते, कालच कारखान्यातून आले असते, तरी मला ती घडी बहुधा दिसली नसती. हे त्यांना माझ्याहून चांगले माहीत होते.

बातमी फिरली. मशीन बिघडलेली होती म्हणे. मुलांची डोकी चुकीची सांगत होती म्हणे. आईबाप मुलांना माझ्या दारावरून घेऊन जाताना त्यांचे डोळे झाकू लागले. खरोखर डोक्यावर पडलेल्या एका मुलीलाही तिच्या मामाने माझ्याकडे आणू दिले नाही, दुसरीकडे नेण्यात वेळ घालवला. नशिबाने ती वाचली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाबरोबर त्या पोरीचाही जीव टांगणीला लागला होता. शेवटी नवी मशीन मंजूर झाली आणि मला हलवायचा दिवस ठरला.

त्या सकाळी माझी आवरणे उघडली होती. कामगार दाराची रुंदी मोजत होते. मोठे डॉक्टर उभे राहून सूचना देत होते. तेवढ्यात ताई भिंगरीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या. भिंगरी तपासणीसाठी आली होती आणि तिने माझ्या चंद्राची आठवण काढली होती. केस आखूड वाढले होते, कानाच्या वर एक वाकडी रेघ दिसत होती. खोलीत शिरताच तिने सगळीकडे बघून घेतले, दोन प्रश्न ताईंना विचारले आणि तिसरा विचारता विचारता माझ्या फळीवर चढून बसली. माझी भिंगरी परत आली होती.

मोठे डॉक्टर तिच्याकडे बघून हसले. "ये ये. बघ, तुला फसवणारी मशीन आज चालली."

भिंगरीने त्यांच्याकडे बघितले. लहान मुले प्रश्न विचारताना आधी आवाज तयार करत नाहीत, तशी ती सरळ बोलली. "पण काका, त्या डॉक्टरताई म्हणाल्या, हिला ते दिसतच नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

टेपने माप घेणारा कामगार थांबला. ताई खिडकीबाहेर बघू लागल्या. मोठ्या डॉक्टरांचा हात कॉलरकडे गेला, तिथे काही नव्हते, तरी त्यांनी ती सारखी केली. मला वाटले, पुन्हा माझेच नाव येणार. पण समोर ती मुलगी होती, कानावरच्या रेघेसकट, आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"माहीत होतं," ते म्हणाले.

आई इतका वेळ दाराजवळ होती. ती दोन पावले पुढे आली. तिचा आवाज चढला नाही. "मग मी हिला मारलं," ती म्हणाली, "ते कुणाच्या शब्दावर?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही. ती भिंगरीजवळ आली, तिच्या गालावर हात ठेवला, आणि तो काढायचे तिला सुचेना. भिंगरीने वर बघितले, चंद्राच्या स्टिकरचे एक टोक सुटले होते ते अंगठ्याने दाबून पुन्हा चिकटवले, डाव्या हाताच्या अंगठ्याने, आणि खाली उतरली. तो चंद्र अजून माझ्याजवळ आहे.

मित्रांनो, डॉक्टरांनी खरे सांगितले ते त्या खोलीत, चार माणसांसमोर. बाहेर आजही माझेच नाव घेतले जाते. त्याचे मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण मी शेडमध्ये पडून राहीन, कधीतरी माझे लोखंड वितळेल. तुमचे तसे नाही. तुमच्या वर्गात एखाद्याला झटका आला तर टाळ्या वाजवू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, मोठ्यांना हाक मारा, आणि पहिल्यांदा काय हलले ते लक्षात ठेवा. तो डोक्यावर पडला असेल किंवा जागाच होत नसेल, तर वेळ न घालवता दवाखान्यात न्यायला सांगा, तिथे माझ्यासारखी कुणीतरी त्याच्या कामी येईल. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालेच, तर आमच्यापैकी कुणाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी शिका. आम्हाला दिसत नाही ते आमच्या तोंडून वदवू नका. समोरचे मूल म्हणते मी मुद्दाम करत नाही, तेव्हा त्याच्या आईला एक स्टूल द्या आणि म्हणा, करून दाखवा. ती भिंगरीची आई दोन वर्षे हात पुढे करून उभी होती, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.